लिंगोचा नियम आणि तरुणांचे प्रेम

गोंदिया जिल्ह्यात, सालेकसा तालुक्यातल्या दरेकसाजवळ, छत्तीसगडच्या सीमेलगत कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेला इथे गोंड भाविकांची मोठी यात्रा भरते. कली कंकाली देवीची कोंडलेली मुले गोंडांचा आद्य धर्मगुरू पारी कुपार लिंगो याने याच गुहेतून सोडवली, अशी श्रद्धा आहे. सुटकेनंतर लिंगोने त्या मुलांना सगांमध्ये, म्हणजे कुळगटांमध्ये, वाटले आणि कोणी कोणाकडे सोयरीक करायची ते ठरवून दिले. चार, पाच, सहा, सात देव मानणारी कुळे वेगवेगळी. सारख्या देवसंख्येची सगळी माणसे भाऊबंद, त्यांच्यात लग्न वर्ज्य. म्हणजे इथे धर्माची सुरुवातच लग्नाच्या नियमाने होते. या नियमाने प्रेम संपवले नाही, त्याला घरात येण्याची वाट आखून दिली, असे मला वाटते.

यावर पहिला आक्षेप असा, की यात्रेचे आजचे संघटित रूप १९८०च्या दशकातले. मोतीराम कंगाली यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या काळात कथेची नव्याने मांडणी केली, मग तिला जुना पुरावा कसा म्हणायचे? स्थळाची आजची ओळख श्रद्धेची आहे, हे खरेच. पण नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी टिपून ठेवलेले लिंगोगीत रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापले. त्यात काचीकोपा लोहागड असे वेगळे स्थळनाव येत असले, तरी गुहेत कोंडलेले गोंड, त्यांची सुटका, कुळांची वाटणी आणि लग्नाची रीत हे सारे आहे. नियमाची आठवण आजच्या यात्रेपेक्षा नक्कीच जुनी आहे.

नियम किती लवचिक होता, ते प्रत्यक्ष रिवाजात दिसते. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६च्या ग्रंथात लमसेनाची पद्धत आहे: वधूमूल्य देण्याची ऐपत नसलेला मुलगा सासऱ्याच्या घरी राहून शेतात राबायचा आणि त्या कष्टांवर मुलगी मिळवायचा. पैठू या दुसऱ्या रिवाजात पुढाकार मुलीचा; ती आवडत्या मुलाच्या घरात शिरून ठाण मांडायची. पळून गेलेले जोडपेही कायमचे परके होत नसे. दंड भरला, समाजाला जेवण घातले, की घराचे दार उघडे. अमेरिकेतल्या आमिश या कर्मठ ख्रिस्ती पंथावरच्या प्रेमकादंबऱ्यांत नायिकेपुढे प्रियकर की पंथ असा पेच असतो, कारण बाप्तिस्मा घेतलेल्या सदस्याने पंथाबाहेर लग्न केले तर वाळीत पडायचे. गोंडांमध्ये सगाची मर्यादा सांभाळली, तर बाकीची चूक दंडावर भागत होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. ‘दूध लौटावा’ या रिवाजाने आतेमामे भावंडांच्या लग्नावर आधीच हक्क सांगितला जाई. मुलीची मर्जी तिथे सहज चिरडली जात असणार. बस्तरच्या मुरिया गोंडांचे घोटुल, म्हणजे तरुण मुलामुलींचे सामूहिक घर, अभ्यासणाऱ्या व्हेरिअर एल्विन यांनाही (१९४७) दिसले, की घोटुलात जुळलेल्या जोड्या बहुधा लग्नापर्यंत पोचत नसत. लग्न घरचेच लावत. म्हणून या परंपरेला मुक्त प्रेमाचे राज्य म्हणणे खोटे ठरेल. मात्र कुटुंबाचा शेवटचा शब्द आणि तरुणांची मर्जी यांच्यात तडजोडीच्या इतक्या वाटा समाजानेच मान्य केल्या होत्या, हेही तितकेच खरे. आज प्रेमविवाहांचे निवाडे करणाऱ्या पंचांनी परंपरेचा दाखला देताना मनाईच्या जोडीने या वाटाही मोजायला हव्यात.