हाडांच्या गोळीचं माहेर

आमच्या मावशीचा रविवार एका गोळीने सुरू होतो. उठल्याउठल्या, उपाशीपोटी, भांडंभर साध्या पाण्याबरोबर ती घ्यायची. मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि चहाही प्यायचा नाही. ‘हाडांसाठी दूध प्या म्हणता, मग हाडांच्याच गोळीला दुधाचं वावडं कसं?’ हा तिचा सवाल. उत्तर सापडतं ते नळात आणि कपडे धुण्याच्या पावडरीत.

बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरात गीझरच्या कॉइलवर पांढरा थर धरतो. तो मुख्यतः कॅल्शियमचा. असा थर पाइपांत बसू नये म्हणून कारखान्यांतल्या पाण्यात आणि धुण्याच्या पावडरीत फॉस्फेटच्या जोडसाखळ्या घालायची पद्धत होती. अगदी चिमूटभर पुरे. नुकत्याच धरू लागलेल्या कणाला त्या चिकटतात आणि त्याला वाढू देत नाहीत.

हर्बर्ट फ्लाइश या स्विस डॉक्टरला १९६०च्या सुमारास नेमकं उलटं कोडं पडलं होतं. आपल्या शरीरातल्या पाण्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट इतकं असतं की पाइपासारखा थर नसांतही धरायला हवा. मग तो का धरत नाही? अमेरिकेत रॉचेस्टरला विल्यम न्यूमन यांच्याबरोबर काम करताना उत्तराचा धागा हाती लागला. रक्तात आणि लघवीत पायरोफॉस्फेट असतं, म्हणजे दोन फॉस्फेटची जोडी. कारखानदारांची युक्ती शरीराकडे आधीपासूनच होती!

पण हीच जोडी औषध म्हणून दिली तर शरीरातली विकरं तिचे तुकडे करून टाकत. दोन फॉस्फरसना जोडणारा ऑक्सिजनचा दुवा कच्चा. त्या जागी कार्बन बसवला तर? असे पदार्थ जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकातच करून ठेवले होते. माणसाच्या पोटात ते जातील असं तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नसेल. सिनसिनाटीच्या प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये, म्हणजे साबण आणि टूथपेस्ट करणाऱ्या कंपनीत, मॅरियन फ्रान्सिस याच पदार्थांवर काम करत होते. फ्लाइश, फ्रान्सिस आणि ग्रॅहम रसेल या मंडळींचे निबंध १९६९ साली ‘सायन्स’मध्ये आले. त्यांतली खरी बातमी अशी, की हे पदार्थ नवा थर तर थांबवतातच, शिवाय हाड विरघळणंही थांबवतात.

हाड काही कायमचं बांधून झालेलं नसतं. काही पेशी ते सतत पोखरतात, काही पुन्हा भरतात. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं, पोखरणाऱ्यांचा जोर वाढतो आणि हाड आतून विरळ होतं. ऑस्टिओपोरोसिस तो हाच. गोळीतलं औषध याच पदार्थांच्या घराण्यातलं; ते हाडातल्या कॅल्शियमला जाऊन चिकटतं. पोखरणारी पेशी हाडाबरोबर तेही गिळते आणि लुळी पडते.

पहिल्या पिढीतल्या एटिड्रोनेटमध्ये एक खोट होती. मोठ्या मात्रेत ते नवं हाडही पक्कं होऊ देत नसे. पुढे रेणूत नायट्रोजन आला, तशी थोड्या मात्रेत काम भागू लागलं. त्यातल्या अलेंड्रोनेटला अमेरिकेत १९९५ साली ऑस्टिओपोरोसिससाठी मान्यता मिळाली. रोजची गोळी आठवड्याची झाली ती त्यानंतर.

आता मावशीचा सवाल. कॅल्शियम दिसलं की चिकटायचं, हा या घराण्याचा स्वभाव. पोटात दूध असेल तर औषध तिथेच अडकतं, हाडापर्यंत पोचत नाही. एरवीसुद्धा गोळीतला शंभरातला एक भागही रक्तात उतरत नाही. नुसत्या काळ्या कॉफीनेसुद्धा त्यातला निम्म्याहून अधिक वाया जातो. आडवं व्हायचं नाही ते मात्र अन्ननलिकेला इजा होऊ नये म्हणून.

एकदा हाडात शिरलेलं हे औषध वर्षानुवर्षं तिथे राहतं. क्वचित कुणाच्या जबड्याचं हाड मृत होऊन उघडं पडतं, तर क्वचित कुणाच्या मांडीचं हाड फारसा मार न लागताच मोडतं. म्हणून दात काढायचा असेल तर दंतवैद्यांना गोळीबद्दल आधी सांगा, आणि पाच वर्षं झाली असतील तर पुढे चालू ठेवायची का हे डॉक्टरांना विचारा. आपलं आपण बंद करू नका.