लातूरचे पहिले रहिवासी : गंज, गोलाई आणि दुकानावरचं घर

शहराचा इतिहास म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, गाव वसवलं कुणी? लातूरच्या बाबतीत याचं उत्तर एका नावात मिळत नाही. राष्ट्रकूट राजे स्वतःला लट्टलूरचे स्वामी म्हणवत, म्हणजे गाव जुनंच. पण आपण ज्या बाजारात रोज फिरतो, ते शहर जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांचं आहे. आज त्याच्या पहिल्या रहिवाशांबद्दल बोलू.

तेव्हा हा मुलूख निजामाचा. पश्चिमेला बार्शी मात्र इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात. कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची छोटी गाडी 1897 साली सुरू झाली आणि 1911 मध्ये ती लातूरला पोचली. पुढे रूळ नव्हते. आता बघा, शेवटचं स्टेशन म्हणजे काय? औसा, निलंगा, अहमदपूरकडच्या बैलगाड्यांनी माल उतरवायची जागा. माल उतरला की तोलणारा लागतो, उचल देणारा लागतो, विकत घेणारा लागतो. म्हणून आडते आले. त्यांत लिंगायत होते, मारवाडी होते, आसपासच्या गावांतले वाणी होते.

1917 साली गंजगोलाईची आखणी झाली. नगररचनाकार फय्याजुद्दीन यांनी मध्ये गोल इमारत आणि तिच्याभोवती सोळा रस्ते योजले. मधोमध जगदंबेचं मंदिर, भोवती कापड, सोनं, मिरची, गूळ, चपला, ज्याची त्याची गल्ली. 'गंज' हा फारसी शब्द. आपल्याकडे त्याचा अर्थ धान्याचा बाजार.

आणि घरं? ती बाजारापासून वेगळी काढताच येत नाहीत. खाली पेढी, मागे कोठार, वर बिऱ्हाड. गादीवर बसलेला माणूस जिना चढला की घरी पोचला! बांधकाम आपल्या भागातलंच, दगड-मातीच्या जाड भिंती, सागवानी खांब, वर माळवद. उन्हाळ्यात आत गारवा असायचा. पण 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीच्या भूकंपात अशाच भिंती आणि माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली, हजारो माणसं गेली. त्यानंतर अशा घरांबद्दल लोकांच्या मनात धास्ती बसली, तर त्यात नवल नाही. जुनं घर पाडणाऱ्याला आपण नावं ठेवू नयेत. पण पाडण्याआधी त्याचं मोजमाप आणि फोटो तरी घ्यावेत.

एक गोष्ट मात्र खटकते. पहिले रहिवासी म्हटलं की आपण पेढीवाल्यांचीच नावं घेतो. पोती वाहणारे हमाल, गाडीवान, धान्य निवडणाऱ्या बाया, हेही त्याच गाडीच्या शिट्टीमागे शहरात आले. पेढीवाल्याचं घर कागदावर राहिलं, कारण खरेदीखत होतं, चोपड्या होत्या. झोपडीचं खरेदीखत कोण करणार? म्हणून कागद जितके बोलतात तितकंच शहर होतं, असं समजू नका.

तेव्हा घरी गेल्यावर दोन कामं करा. माळ्यावरची उर्दू किंवा मोडीतली कागदपत्रं रद्दीत घालू नका, आधी जाणत्याला दाखवा. आणि ज्यांच्या घरी कागदच नाहीत, त्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, आमचं पहिलं बिऱ्हाड कुठं होतं? त्यांचं उत्तर लिहून ठेवा, तारखेसकट.