वऱ्हाडी पानातील आफ्रिका

लोणारला येणारे प्रवासी विवर पाहतात, दैत्यसूदनाच्या देवळातील कोरीव काम पाहतात आणि परततात. पुढ्यातल्या पानाकडे इतिहास म्हणून सहसा कोणी पाहत नाही. मेहकरच्या वाटेवरील एका साध्या खानावळीत ज्वारीची भाकर, कण्या घालून घोटलेली अंबाडीची भाजी, तिच्यावर लसणाच्या फोडणीचे तेल, चवळीची उसळ आणि ठेचा असे पान मजपुढे आले, तेव्हा 'अस्सल वऱ्हाडी!' असे उद्गार माझ्याही तोंडून निघाले. परंतु ह्या अस्सलपणाचे कुळ शोधू गेल्यास मोठी मौज होते.

ज्वारी मूळची आफ्रिकेची. काही हजार वर्षांपूर्वी ती इकडे आली व इथल्या काळ्या मातीत घरचीच होऊन गेली. चवळी तिकडची, अंबाडीही तिकडचीच! मिरची तर अगदी कालची पोर. पोर्तुगीजांच्या येण्यानंतर ती अमेरिकेहून आली. ज्ञानेश्वरांच्या काळी मिरचीचा ठेचा कोणी चाखला नसणार.

ही चवळी दुसऱ्याही एका वाटेने गेली; मात्र ती वाट दुःखाची होती. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेली माणसे अमेरिकेत साउथ कॅरोलिना व जॉर्जियाच्या किनाऱ्यावरील बेटांत भात व कापूस पिकवीत. त्यांच्या वंशजांना गुल्ला म्हणतात. पायांत बेड्या, जवळ काही नाही. पण रांधण्याची रीत कोण हिरावून घेणार? चवळी-भात, भेंडीचे कालवण आणि तीळ त्यांनी जपले. तिळाला ते आजही 'बेने' ह्या आफ्रिकी नावानेच ओळखतात.

त्यांचा आणि आपला संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध कापसाचा! 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पोर्ट रॉयल पडले, मळेवाले पळाले आणि तेथील गुल्लांच्या दास्याचा शेवट सुरू झाला. इकडे मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, म्हणून त्यांचे डोळे वऱ्हाडाकडे वळले. खामगावची बाजारपेठ फुलली. 1870 साली जलंब ते खामगाव असा रेल्वेचा फाटा निघाला, तेव्हा उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. एवढ्याशा फाट्यासाठी एवढा मोठा पाहुणा! कापसाचे शेत वाढत गेले. पण कापूस काही शिजवून खाता येत नाही. 1899-1900 च्या दुष्काळात वऱ्हाडाला हे फार कडू रीतीने कळले.

आज बुलढाणा जिल्ह्यात पावसाळी शेते सोयाबीनने भरलेली दिसतात. ज्वारी कमी झाली, तिच्याबरोबर बैलांचा कडबाही गेला. गव्हाची पोळी कोणत्याही खानावळीत मागताक्षणी मिळते. त्या खानावळीत भाकर हवी असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवावे लागते, कारण ती थापणारी बाई एकच आहे आणि ती रोज येत नाही.