यानातला मांत्रिक

मंडळी, गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारची दुपार, बाहेर पावसाची झड लागलेली. माझा भाचा आणि त्याचे चार मित्र आमच्या माडीवर सतरंजी टाकून बसले होते. सगळी इंजिनिअरिंगची मुलं. समोर ना पट, ना सोंगट्या. प्रत्येकापुढे एक कागद आणि मध्ये वाटीभर फासे, त्यातला एक तर वीस बाजूंचा. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली पात्रं व्हायचं, आणि पात्रानं केलेलं धाडस जमलं की फसलं हे फाशानं ठरवायचं, असा हा खेळ. त्याला 'रोल प्लेइंग गेम' म्हणतात.

थोड्या वेळानं आवाज चढले म्हणून वर गेलो. खेळ अंतराळयानाचा होता. यान गुरू ग्रहाच्या एका चंद्रावर उतरवायचं होतं, आणि एका मुलानं आपलं पात्र मांत्रिक असल्याचं जाहीर केलं होतं. भाचा तावातावानं विचारत होता, "यानात मंत्र चालणार असेल तर मग इंजिन कशाला हवं?" दुसरा म्हणत होता, "अरे, खेळच आहे ना?" मला बघताच भाचा म्हणाला, "मामू, तुम्ही कवी. तुम्हीच निकाल द्या."

कवी म्हटल्यावर मी जादूच्या बाजूचा, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. मी म्हटलं, चहा होऊ दे, मग सांगतो.

हे भांडण काही या मुलांनी नव्यानं काढलेलं नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा या जातीचा आद्य खेळ अमेरिकेत १९७४ साली छापून निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन हे त्याचे कर्ते. तलवारी, राक्षस, मांत्रिक, असं ते उघड जादूचं जग होतं. तीन वर्षांनी, १९७७ मध्ये, अंतराळप्रवासाचा 'ट्रॅव्हलर' आला. त्यात मंत्रतंत्र नव्हतं, पण मनोबळानं दुसऱ्याचे विचार ओळखणारी माणसं होती. म्हणजे जादू नाव बदलून आत आलीच. १९८९ च्या 'शॅडोरन'नं तर नावही बदललं नाही. संगणक, बड्या कंपन्या, ड्रॅगन आणि मांत्रिक त्यात एकाच शहरात नांदतात.

आता योगायोग बघा. त्याच १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णू नारळीकर. आपली आद्याक्षरं उलटी करून त्यांनी हे नाव घेतलं होतं. १९ जुलै १९३८ ला त्यांचा जन्म झाला तो आमच्या कोल्हापुरात. २० मे २०२५ ला पुण्यात ते गेले.

विज्ञानकथेचा पाया विज्ञानाचाच हवा, हा नारळीकरांचा आग्रह. माझ्या भाच्यानं नकळत त्यांचीच बाजू घेतली होती. तरी त्यांच्या कथासंग्रहाचं नाव 'यक्षांची देणगी' आहे. त्यांचा 'उजव्या सोंडेचा गणपती' वाचकाला चमत्काराच्या उंबऱ्यापर्यंत नेतो. तिथं गाठ पडते ती मोबियस पट्टीशी. कागदाच्या पट्टीला अर्धा पीळ देऊन टोकं चिकटवली की होते ती पट्टी. डाव्याचं उजवं कसं झालं, याचा हिशेब नारळीकर तिच्या आधारानं देतात. नवल त्यांना वर्ज्य नव्हतं, बिनहिशेबी नवल वर्ज्य होतं.

हा हिशेब मला पहिल्यांदा शिकवला तो माझ्या दादीनं. ती निरक्षर होती, पण अमीर हमजाची दास्तान आणि अरबी गोष्टी तिला तोंडपाठ. त्यातला आबनूसचा उडता घोडा माझा लाडका. राजपुत्र घोड्यावर बसतो, खुंटी फिरवतो आणि आभाळात जातो. पण उतरायचं कसं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. मग वर ढगांत तो घोड्याचं अंग चाचपतो आणि त्याला दुसरी खुंटी सापडते. दादी इथं थांबून विचारायची, "दुसरी खुंटी नसती तर?" कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८६१ पासून या अरबी गोष्टी मराठीत आणायला सुरुवात केली, हे मला पुढं बी.ए.ला कळलं. तो घोडा जादूचा म्हणावा की यंत्राचा? मला आजही सांगता येत नाही.

आमच्या कोल्हापूरला तर हा प्रश्न नवा नाहीच. इथं बाबूराव पेंटरांनी स्वतःचा कॅमेरा तयार केला. इथंच १९२९ साली 'प्रभात' उभी राहिली आणि १९३२ मध्ये तिनं 'माया मच्छिंद्र' काढला. पडद्यावर मंत्र, सिद्धी आणि माया. पडद्यामागं सुतार, रंगारी आणि कॅमेऱ्याची करामत. तिकीट काढून बसलेल्या माणसाला हे ठाऊक होतं. जादू ठरवून बघायची आणि खेळ सुटला की घरी जायचं, असा तो करार.

पण मंडळी, असा करार न करताही जादू घरात येते.

मी दहा-अकरा वर्षांचा असेन. पन्हाळा भागातल्या एका खेड्यात माझ्या चुलत भावाला साप चावला. तो माझ्याहून वर्षानं लहान. रात्री त्याला एका जाणत्याकडे नेलं. कडुलिंबाचा पाला, मंत्र, दोरा, सगळं झालं. ताईतही बांधला आणि भंडाराही लावला. त्या रात्री कुणी धर्म विचारला नाही. पहाटे गाडी मिळाली तेव्हा उशीर झाला होता. त्या जाणत्यानं चुलत्यांना एवढंच सांगितलं, "तुम्ही उशिरा आणलात." मंत्र फसला, असं तो म्हणाला नाही. चुलते मरेपर्यंत स्वतःलाच दोष देत राहिले.

२० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे. ते कलम वाचताना मला भाऊच दिसला.

त्याआधी २००८ मध्ये नारळीकर, दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चाचणी घेतली होती. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या मिळून दोनशे कुंडल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या चाळीस द्यायच्या आणि कुठली कुणाची ते सांगायला लावायचं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. नाणं उडवून जेवढं जमलं असतं, त्याहून बरं काही निघालं नाही. मला ही चाचणी म्हणजे फासा टाकल्यासारखीच वाटते. नियम आधी ठरलेले, निकाल सगळ्यांसमोर.

चहा झाल्यावर मी मुलांना म्हटलं, मांत्रिकाला यानात घ्या. पण आधी तीन गोष्टी कागदावर लिहा. मंत्राची किंमत काय? तो कधी फसतो? आणि फसला तर ते कबूल कोण करणार? भाचा हसला. म्हणाला, "मामू, हे नियमांत आहेच. 'डंजन्स'च्या जुन्या नियमांत एकदा म्हटलेला मंत्र खर्ची पडायचा." मग मांत्रिक यानात बसला. इंजिन बंद पडलं तेव्हा त्यानं मंत्र म्हटला आणि फासा टाकला. वीसपैकी दोन पडले. "फसला माझा मंत्र," तो पोरगा मोठ्यानं हसत म्हणाला, आणि सगळे मिळून इंजिन दुरुस्त करायला लागले.

मी जिन्यात उभा होतो. एवढंच एक वाक्य त्या रात्री कुणी म्हणायला हवं होतं, आणि वेळेत म्हणायला हवं होतं.