‘त्याच्या’ या एका शब्दाचा निवाडा

मतदारांनी दिलेला कौल न्यायासनाने रद्द करावा काय, हा प्रश्न आपल्या प्रजासत्ताकात वारंवार उपस्थित झाला आहे. निवडणुकीस केवळ निवडणूक याचिकेद्वारेच आव्हान द्यावे, असे संविधानाच्या अनुच्छेद ३२९ ने ठरवून दिले. प्रारंभी या याचिका न्यायाधिकरणांपुढे चालत. १९६६ च्या दुरुस्तीनंतर त्या उच्च न्यायालयांकडे आल्या. न्यायालये या क्षेत्रात आगंतुक नाहीत, हे प्रथम ध्यानी घ्यावयास हवे. खरा प्रश्न निराळा आहे: कायद्याचा अर्थ लावता लावता न्यायाधीश नवा कायदा रचतात काय?

या प्रश्नाची कसोटी पाहणारे प्रकरण मुंबईतच घडले. १९९० च्या विधानसभा निवडणुकीत सांताक्रूझ मतदारसंघातून अभिराम सिंह निवडून आले. धर्माच्या आधारे मते मागितल्याच्या कारणावरून उच्च न्यायालयाने ती निवड रद्द ठरविली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. वाद होता लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२३(३) मधील एका शब्दाचा. ‘त्याच्या’ धर्म, वंश, जात, समाज वा भाषेच्या आधारे मत मागणे हा त्या कलमानुसार भ्रष्ट आचार आहे. ‘त्याच्या’ हा शब्द संसदेने १९६१ साली त्यात घातला. पण ‘त्याच्या’ म्हणजे कोणाच्या? केवळ उमेदवाराच्या, की मतदाराच्याही?

२ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन मतांनी निवाडा दिला. निवडणुकीचे पावित्र्य व धर्मनिरपेक्षता राखण्याचा कायद्याचा हेतू पाहता त्या शब्दात मतदाराचा धर्मही येतो, असे बहुमताने ठरले. न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी लिहिलेल्या अल्पमताच्या निवाड्यात मात्र शब्दाचा मर्यादित अर्थच ग्राह्य धरला गेला. धर्म वा जात यांमुळे सोसावा लागलेला अन्याय मतदारांपुढे मांडणे हा लोकशाहीचाच भाग आहे आणि कायदा बदलणे संसदेचे काम आहे, अशी त्यांची भूमिका होती.

आपल्यासारख्या अल्पसंख्य समाजास हा वाद परका नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती बांधव अनुसूचित जातींच्या सवलतींपासून वंचित राहिले. प्रचारसभेत हे गाऱ्हाणे मांडणे म्हणजे धर्माच्या नावे मत मागणे होय काय? व्याख्या जितकी विस्तारेल, तितकी ही सीमारेषा पुसट होईल.

धर्माच्या नावे मत मागणे आम्हांस मुळीच मान्य नाही. बहुमताच्या हेतूविषयी आमच्या मनात आदरच आहे. तथापि, ज्या कलमाखाली सहा वर्षांपर्यंत अपात्रता ओढवू शकते, त्याचा विस्तार संसदेने चर्चेअंती करावा, हेच आम्हांस उचित वाटते. अर्थ लावणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे; पण विधिमंडळाने जाणीवपूर्वक घातलेल्या शब्दाची मर्यादा ओलांडली, की कर्तव्याचे अतिक्रमण होते.

आणखी एक गोष्ट खटकते. १९९० च्या मतदानाविषयीचा हा अर्थ सत्तावीस वर्षांनी ठरला. ज्या विधानसभेसाठी ते मतदान झाले, तिची मुदत १९९५ सालीच संपली होती. इतक्या विलंबाने मिळालेला अर्थ त्या मतदारांच्या काय कामाचा?