एकच प्रार्थना पन्नास वेळा का?

दहावीत असताना मधल्या सुट्टीत डबा खाता खाता आपल्या वर्गातल्या एका मित्राने मला विचारले होते, "तुम्ही त्या माळेवर एकच प्रार्थना पन्नास वेळा का म्हणता रे? देवाला एकदा सांगून कळत नाही का?" मी हसून वेळ मारून नेली. खरे म्हणजे मलाही उत्तर ठाऊक नव्हते. आमच्या वसईकडच्या घरी रोज संध्याकाळी आजी सगळ्यांना गुडघ्यावर बसवून रोजरी म्हणवून घ्यायची. ती मणी मोजायची, मी घड्याळाकडे पाहायचो. पुढे इतिहास शिकवण्यात माझे आयुष्य गेले. आता स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा वाटले, त्या मित्राचे उत्तर देऊन टाकावे. उशीर झाला आहे, पण प्रश्न जुना झालेला नाही.

जपमाळेचा उगम पोपांच्या दरबारात झाला नाही. मध्ययुगीन युरोपातील मठांत बायबलमधील 150 स्तोत्रे लॅटिनमधून गायली जात. ज्यांना वाचता येत नव्हते, ते त्याऐवजी 150 वेळा 'हे आमच्या बापा' म्हणत. मोजणी चुकू नये म्हणून दोरीत ओवलेले मणी हाती आले. पुढे त्या जागी 'नमो मरिया' रुळली. म्हणजे निरक्षरांनी आपल्यासाठी घडवलेले हे स्तोत्रांचे पुस्तक होते. संत डॉमिनिक यांना माळ साक्षात मरियामातेने दिली, अशी परंपरा आहे. इतिहासकार मात्र ही घडण अनेक पिढ्यांची मानतात.

रोमने या लोकप्रार्थनेला नेमके रूप दिले ते 1569 मध्ये. पोप पायस पाचवे स्वतः डॉमिनिकन संघाचे होते. त्यांनी आज्ञापत्र काढून जपमाळेची रीत सांगितली आणि ओठांवरच्या प्रार्थनेला ख्रिस्ताच्या जीवनातील प्रसंगांच्या चिंतनाची जोड हवी, हे स्पष्ट केले. या प्रसंगांना आपण 'रहस्ये' म्हणतो. आनंदाची पाच, दुःखाची पाच, गौरवाची पाच, अशी एकूण पंधरा. दोनच वर्षांनी, 7 ऑक्टोबर 1571 रोजी, लेपांतोच्या समुद्रात ख्रिस्ती आरमाराने उस्मानी तुर्कांचा पराभव केला. पोपांनी त्याचे श्रेय जपमाळेला दिले आणि त्या दिवसाचा सण सुरू झाला. तो 1716 मध्ये सर्व चर्चसाठी लागू झाला. एका शांत प्रार्थनेच्या सणामागे लढाई असावी, हे मला वर्गात शिकवतानाही खटकत असे. पण इतिहास आपल्या सोयीने बदलता येत नाही.

पोप लिओ तेरावे यांनी 1883 पासून जपमाळेवर एकामागून एक परिपत्रके काढली. दहाहून अधिक झाली. ऑक्टोबर महिना रोजरीचा, ही आपल्या गावोगावी रुळलेली प्रथा त्यांच्याच आदेशाने सर्वत्र पोचली. त्यांचे 1893 चे परिपत्रक मला विशेष वाटते. समाजाचे तीन दोष त्यांनी सांगितले: साध्या कष्टाच्या जीवनाचा कंटाळा, दुःख सोसण्याची नावड आणि परलोकाचा विसर. यावर आनंदाची, दुःखाची आणि गौरवाची रहस्ये हा उतारा. नाझरेथच्या सुताराच्या घराकडे पाहा, असे सांगणाऱ्या याच पोपांनी दोन वर्षे आधी कामगारांच्या हक्कांवरचे प्रसिद्ध परिपत्रक लिहिले होते.

मरियाभक्ती किती असावी, यावर चर्चमध्येही एकमत नव्हते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत 29 ऑक्टोबर 1963 रोजी मतदान झाले. मरियेवर स्वतंत्र दस्तऐवज काढायचा, की चर्चविषयीच्या दस्तऐवजातच तिला स्थान द्यायचे? दुसऱ्या बाजूला 1114 मते पडली, पहिल्या बाजूला 1074. चाळीस मतांनी ठरले की मरिया चर्चच्या वर नाही, चर्चमध्ये आहे. तिच्याविषयी अतिशयोक्ती नको आणि कोतेपणाही नको, असे परिषदेने बजावले.

पोप पॉल सहावे यांनी 1974 च्या 'मारियालिस कुल्तुस' या पत्रात आणखी स्पष्ट सांगितले. चिंतनाशिवाय जपमाळ म्हणजे आत्म्याशिवाय शरीर. ती सावकाश म्हणावी, आणि ती म्हणण्याची कोणावर सक्ती वाटू नये. हे वाचले तेव्हा मी कॉलेजात होतो. घरची रोजरी चुकवायला मला पोपांचाच आधार मिळाला! 'तुझ्या पन्नास नमो मरियांत आत्मा कुठे आहे?' असे मी आजीला एकदा ऐकवलेही. ती काही बोलली नाही.

मग 2002 चा ऑक्टोबर आला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 'रोझारियुम व्हर्जिनिस मारिये' हे पत्र काढून चारशेहून अधिक वर्षांच्या पंधरा रहस्यांत प्रकाशाच्या पाच रहस्यांची भर सुचवली. आजी नव्वदीला टेकली होती. अक्षरओळख नाही. तिने मला बोलावले आणि म्हणाली, "नवीन पाच मला सांग." येशूचा बाप्तिस्मा, कानाचे लग्न, देवराज्याची घोषणा, रूपांतर, पवित्र भोजन. मी सांगत गेलो, ती घोकत गेली. कानाच्या लग्नात द्राक्षारस संपला हे प्रथम मरियेच्या लक्षात आले, हे ऐकून ती हसली. "घरात काय संपलंय ते आईलाच आधी कळतं."

तेच पत्र वाचताना मी एका ठिकाणी थांबलो. रहस्याचे नाव घेतल्यावर क्षणभर शांत राहावे, असा सल्ला पोपांनी दिला होता. आजी आयुष्यभर नेमकी तिथेच थांबत असे. लहानपणी मला वाटायचे, ती दम घेते. पोपांनी 1569 पासून जे पुन्हा पुन्हा सांगितले, ते तिला कोणतेही पत्र न वाचता ठाऊक होते. तिची माफी मागायची राहून गेली. मात्र तिच्या शेवटच्या दोन वर्षांत गुरुवारची रोजरी मी चुकवली नाही.

तेव्हा मित्रा, तुझे उत्तर हे. पन्नास वेळा म्हणायचे ते देवाला कळावे म्हणून नव्हे. ओठ आणि बोटे कामात गुंतली की मन एखाद्या प्रसंगापाशी बसू शकते, म्हणून. तुझ्या घरी आजोबा नामजप करत, त्यांना हे वेगळे सांगावे लागले नसते. मेळाव्याला भेटशील तेव्हा उरलेले बोलू. डबा मी आणतो.