तोरण, दाराचे

दाराच्या चौकटीवर आडवी बांधलेली पाने, फुले व धान्याची कणसे यांची माळ. संस्कृतात तोरण म्हणजे मूलतः कमान वा प्रवेशद्वार. सांचीच्या स्तूपाची दगडी तोरणे याच अर्थाची होत. मराठी व्यवहारात हा अर्थ आकुंचित होऊन माळ तेवढी उरली. आतले व बाहेरचे यांत सीमा आखण्याचे कार्य मात्र तिच्याकडे कायम राहिले.

कोकणात दसऱ्याला किंवा आश्विनी पौर्णिमेला शेतातील पहिल्या भाताच्या लोंब्या आंब्याच्या पानांसह दाराला बांधतात. यास ‘नवे’ म्हणतात. पेंढा हा तेथील घरगुती बांधणीचा जुना पदार्थ. तो किंचित ओला करून दोन पदर तळहातांत एका दिशेने वळावयाचे आणि एकमेकांभोवती उलट दिशेने गुंडाळावयाचे, की पीळ सुटत नाही. पदर संपत आला की नवी काडी मिसळावयाची. धान्याची मुडी अशा दोरीनेच आवळीत. हे कौशल्य मुले पाहूनच शिकत.

कोरियात याच दोरीला संरक्षक अर्थ आहे. नित्याची दोरी उजव्या पिळाची, तर ‘गुमजुल’ मुद्दाम डाव्या पिळाची असते. बाळ जन्मल्यावर ती दारावर बांधून परंपरेने एकवीस दिवस परक्यांना मज्जाव करीत. मुलगा असल्यास तीत कोळसा व लाल मिरच्या, मुलगी असल्यास कोळसा व पाइनच्या डहाळ्या खोवीत. जपानची ‘शिमेनावा’ याच कुळातील. मराठी घरात बाळंतिणीच्या दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधण्यामागील हेतू वेगळा नाही. मात्र येथे रक्षणाचा भार दोरीच्या पिळापेक्षा पानांवर व कणसांवर आहे. मुंबईतील दुकानांच्या व टॅक्सींच्या लिंबू-मिरचीतही कधीकधी कोळसा आढळतो. मिरची ही मुळात अमेरिकेची. ती दोन्ही देशांत सोळाव्या शतकापूर्वी नव्हती. तेव्हा या दोन्ही प्रथांना आजच्या रूपात अनादी मानण्याचे कारण नाही.

मुंबईत पहिली कापड गिरणी 1854 मध्ये स्थापन झाली आणि पुढे परळ, लालबाग, नायगाव भागांत कोकणातील व घाटावरील माणसे येऊन राहिली. त्यांपैकी अनेकांना शेत गावीच ठेवून यावे लागले. चाळीच्या एका खोलीत अनेक पुरुष राहत. तरी दसऱ्याला खोलीच्या दारावर तोरण चढे. जे शेतात नांगराला बांधावयाचे ते गिरणीत साच्याला बांधले जाई; यंत्रपूजेच्या दिवशी खातेच्या खाते झेंडूने सजे. शेतकऱ्याच्या विधीचा कामगाराने केलेला हा स्वीकार गिरणगावाच्या सांस्कृतिक इतिहासात महत्त्वाचा आहे. अभ्यासकांचे लक्ष गणेशोत्सवाकडे अधिक गेल्यामुळे तो काहीसा दुर्लक्षित राहिला. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सु. अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि साच्यावरचे तोरण संपले.

दारावरचे तोरण टिकले, पण ते विकतचे झाले. दसऱ्याच्या आदल्या रात्री दादर स्थानकाजवळच्या फूलबाजारात झेंडू व आंब्याचे डहाळे यांबरोबर भाताच्या लोंब्यांच्या जुड्या मांडलेल्या असतात. ठाणे-पालघर भागांतून आलेल्या स्त्रिया त्या विकतात आणि गिरगावपासूनचे लोक त्या नेतात. बांधण्यासाठी आता पेंढ्याऐवजी सुतळी किंवा प्लास्टिकची दोरी वापरतात.